संसर्गातून उभा राहिलेला संसार

ऑगस्टच्या मध्यावर इंदूरहून खंडवा रोडने बाहेर पडा किंवा देपालपूरच्या बाजूला जा, शहर संपलं की दोन्ही हातांना सोयाबीनच सोयाबीन. जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला, चारेक इंच पाऊस होऊन जमीन भिजल्यावर पेरलेलं हे पीक आता चाळीस दिवसांचं झालेलं असतं. या दिवसांत त्याचं एक रोप मुळासकट पाहून घ्यावं. मात्र उपटायचं नाही. खोडापासून वीतभर अंतर सोडून खुरप्याने चारी बाजूंनी काळी माती कापायची, ढेकूळ तसंच उचलून बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवायचं आणि मग हलक्या हाताने माती सोडवायची. ओढून काढलं तर जे बघायचं तेच तुटून जमिनीत राहतं.

मुळांना ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी लागलेल्या दिसतील. एक गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरी निघाली तर ती कोवळी आहे, नाहीतर निकामी. हिरवट-तपकिरी असेल तर तिचे दिवस भरलेत, किंवा शेतात पाणी साचून ती गुदमरली आहे. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. ताजी गाठ बोटांत चिरडली की बोटावर लालसर डाग उमटतो.

या गाठीत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन ते झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, आणि झाड त्यांना साखरेपासून बनवलेलं खाणं पुरवतं. शाळेत याला सहजीवन म्हणून शिकवतात आणि विषय तिथेच मिटवतात. पण हा जिवाणू मुळात शिरतो कसा हे नीट पाहिलं तर दिसतं, की तो रोगजंतूच्याच वाटेने आत येतो.

क्रम असा. सोयाबीनचं मूळ मातीत डेडझिन आणि जेनिस्टिन ही रसायनं सोडतं. त्यांचा सुगावा लागला की जिवाणू उत्तरादाखल स्वतःचं एक रसायन पाठवतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. ते पोचताच मुळावरचा केसासारखा बारीक तंतू छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि त्या वळणात जिवाणू अडकतो. तिथून तंतूच्या आत एक नळी वाढत जाते. या नळीचं शास्त्रीय नावच मुळी ‘संसर्ग-सूत्र’ आहे. नळी एकामागून एक पेशी ओलांडत आत जाते, तोवर आतल्या पेशी भराभर विभागून गाठीची तयारी करतात. शेवटी जिवाणू पेशीत उतरतो, पण मोकळा नाही. झाड त्याच्याभोवती आपलं स्वतःचं पातळ आवरण गुंडाळतं. म्हणजे पाहुण्याला घरात घेतलं, पण ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही.

नॉड फॅक्टरचा कणा कायटिनसारख्या साखळीचा असतो. कायटिन म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतला पदार्थ, आणि त्याची चाहूल लागली की झाड एरवी संरक्षणाची सगळी यंत्रणा चालू करतं. इथे त्याच पदार्थाला थोडी वेगळी झालर लावलेली असते, आणि झाड दार उघडतं. काही सोयाबीन वाणांत आरजे-२ नावाचा जनुक असतो. तो रोगप्रतिकारक जनुकांच्याच घराण्यातला आहे, आणि काही विशिष्ट जिवाणूंना तो गाठ बांधूच देत नाही. झाडाच्या लेखी मित्र आणि शत्रू ओळखणारा चौकीदार एकच आहे.

आत आल्यावरही सगळं आलबेल असतं असं नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूला पेशीच्या ऊर्जेची निदान १६ नाणी मोजावी लागतात (हे नाणं म्हणजे एटीपी). मग आळशी जिवाणूने नुसतं खावं आणि काम करू नये, हे त्याच्या फायद्याचंच नाही का? २००३ साली टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच सोयाबीनवर तपासलं. काही गाठींभोवती हवेऐवजी आर्गॉन आणि ऑक्सिजनचं मिश्रण ठेवलं. नायट्रोजनच नाही म्हटल्यावर इच्छा असूनही जिवाणूंना काम करता येईना. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन आवळला, आणि तिथल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. काम नाही तर पगार नाही, इतका रोखठोक व्यवहार.

हा व्यवहार ठाऊक असला की शेतातल्या काही चुका का महागात पडतात तेही कळतं. सोयाबीनला हेक्टरी २०–२५ किलो नत्र (खतातला नायट्रोजन) पुरतं, तेही रोप गाठी बांधेपर्यंतच्या उपजीविकेपुरतं. त्यावर युरियाची आणखी पोती टाकली की मुळाला आयतं नत्र मिळतं आणि ते दार उघडायचंच बंद करतं. पान हिरवंगार दिसतं, गाठी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बीजप्रक्रियेचा क्रमही असाच अडतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणूंचं कल्चर (किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम किंवा पाकिटावर दिलेलं प्रमाण). उलट क्रमाने केलं तर आधी लावलेले जिवाणू औषधाने मरतात. कल्चर लावलेलं बी उन्हात वाळवलं तरी तेच. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. पाकीट बांधावर दुपारभर उन्हात पडलं असेल तर ते लावून काही उपयोग नाही, कारण त्यातले बहुतेक जिवाणू तोवर गेलेले असतात.

या विषयाशी इंदूरचं नातं जुनं आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. यशवंत वाड यांच्याबरोबर त्यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांच्यापासून तीन महिन्यांत खत करायची जी रीत बसवली, तिला जगभर आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. पुढे हॉवर्ड यांचं लक्ष मुळांत राहणाऱ्या बुरशीकडे गेलं, आणि चांगल्या खताचं पिकाला मानवणं तिच्याशी जोडलेलं आहे असं ते हिरिरीने मांडू लागले. त्यांच्या सगळ्याच दाव्यांना पुरावा मिळाला नाही, पण बुरशीचं महत्त्व खरं निघालं. स्फुरद (फॉस्फरस) आणून द्यायचं आणि साखर घ्यायची, हा त्या बुरशीचा झाडांशी असलेला करार ४० कोटी वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडमधल्या त्या काळच्या दगडांत अशी बुरशी घेऊन बसलेली झाडं सापडली आहेत. गाठीवाले जिवाणू बरेच नंतर आले, आणि मुळात शिरायला त्यांनी बुरशीसाठीच बनलेली किल्ली वापरली. झाडातली निरोप पोचवणारी बरीचशी जनुकं दोघांना सामाईक आहेत.

पुढच्या पिढीत जायची वाट

आता मुद्द्यावर येऊ. एकमेकांच्या आत राहणाऱ्या दोन जिवांचं जमणार की बिनसणार, हे स्वभावावर ठरत नाही. पाहुणा पुढच्या पिढीत कोणत्या वाटेने जातो, यावर बरंचसं ठरतं.

पाहुण्याला एका यजमानाकडून दुसऱ्या परक्या यजमानाकडे उडी मारता येत असेल, तर पहिला जगला काय नि मेला काय, त्याला फारसं सोयरसुतक नसतं. खोकल्यातून पसरणारा विषाणू घ्या, पाण्यातून पसरणारा पटकीचा जंतू घ्या. पण यजमानाच्या अंड्यातून किंवा बीजातून, त्याच्या लेकरांबरोबरच पुढे जायचं असेल, तर यजमानाला लेकरं होणं ही पाहुण्याचीही गरज होते. पहिली वाट आडवी, दुसरी उभी. सोयाबीनचा जिवाणू आडव्या वाटेचा आहे. बियात तो नसतो, गाठ कुजली की मातीत परततो आणि पुढच्या वर्षी दुसरं मूळ शोधतो. म्हणून झाडाला त्याच्यावर कायम पहारा ठेवावा लागतो, आणि म्हणूनच इतकी वर्षं होऊनही हा भाडेकरूच राहिला आहे.

दोन्ही वाटा एकाच जिवात बघायच्या असतील तर स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे फूलही नाही आणि एक वनस्पतीही नाही. बुरशीने बांधलेलं घर आणि त्यात कोंडलेलं हिरवं शेवाळ, असा तो जोडजीव. वरची बाजू राखाडी, खालची काळपट, मध्ये पातळशी हिरवी थर. सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या शेवटी हे सांगितलं तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. एका जिवाचे दोन जीव कसे असतील, हेच पचत नव्हतं. दगडफुलाच्या अनेक जातींत कडेला पिठासारखी भुकटी दिसते. तिच्या प्रत्येक कणात शेवाळाच्या दोन-चार पेशी बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेल्या असतात. कण वाऱ्याने उडून दुसऱ्या सालीवर पडला की संसार आयता सुरू. ही उभी वाट. पण बुरशी आपले बीजाणूही वेगळे सोडते. त्यांच्याबरोबर शेवाळ नसतं, म्हणून त्यांना नव्या जागी जोडीदार शोधावा लागतो, नाही सापडला तर मरावं लागतं.

पेशीतला सगळ्यात जुना भाडेकरू

उभ्या वाटेने जाता जाता पाहुण्याचं घर सुटतं ते असं. घरात सगळं आयतं मिळतं, मग ते पदार्थ स्वतः बनवण्याची जनुकं निरुपयोगी होतात, त्यांत बिघाड होतो आणि ती गळून पडतात. मोहरी-हरभऱ्यावरच्या माव्यात बुखनेरा नावाचा जिवाणू राहतो. झाडाच्या रसात कमी असलेली अमिनो आम्लं तो माव्याला बनवून देतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरांचा. बुखनेराचा उरलाय साडेसहा लाखांच्या आत. माव्याबाहेर तो जगू शकत नाही, आणि त्याच्याविना मावा नीट वाढत नाही, त्याला पिल्लंही जवळजवळ होत नाहीत.

हीच घसरण आणखी पुढे नेली की आपण आपल्याच पेशीत पोचतो. यकृताच्या एका पेशीत हजार-दोन हजार मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक अवयव, असतात. त्यांना दुहेरी आवरण असतं, त्यांचा स्वतःचा गोल डीएनए असतो, आणि त्या जिवाणूंसारख्या मधोमध तुटून वाढतात. पेशीला त्या नव्याने, शून्यातून बनवता येत नाहीत. माणसात त्यांच्या डीएनएची अक्षरं १६,५६९, जनुकं ३७, आणि त्यांपैकी प्रथिनं बनवणारी फक्त १३. बाकी हजारभर प्रथिनांची जनुकं पेशीच्या केंद्रकात आहेत. त्यांतली काही भाडेकरूच्या मूळ सामानातून तिकडे हलली, बरीच घरमालकाने नंतर जमवली.

हे आधी जिवाणू होते ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अधूनमधून डोकं वर काढत होती आणि हसण्यावारी जात होती. १९६३ मध्ये मायटोकॉन्ड्रियात डीएनए असल्याचं दिसलं. १९६७ साली जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांचा या कल्पनेची बाजू मांडणारा लेख छापून आला, तोही डझनाहून अधिक नियतकालिकांनी साभार परत केल्यावर. नंतर जनुकांची अक्षरं जुळवून पाहता आली आणि वाद मिटला. मायटोकॉन्ड्रिया जिवाणूंच्या ज्या गटातून आल्या त्याच गटात गाठींचे जिवाणू आहेत, आणि टायफस तापाचा रिकेट्सियाही आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक श्वासाचा हिशेब ठेवणारी ही मंडळी आणि पेशीत घुसून ताप आणणारा जंतू एकाच गोतावळ्यातले. मार्ग्युलिस यांचं सगळंच खरं ठरलं असं मात्र नाही. पेशीच्या शेपटीसारख्या चाबकांनाही त्या परके जिवाणूच समजत होत्या, आणि त्याला काही आधार मिळाला नाही.

घरमालक कोण, हा प्रश्न बराच काळ अडला होता. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळातून लोकीआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची जनुकं हाती आली. जिवाणूंपासून वेगळ्या असलेल्या आर्किया गटातले हे जीव, पण त्यांच्याकडे आपल्यासारख्या पेशींची कितीतरी खास जनुकं आहेत. त्यांचा एक भाऊबंद जपानी संशोधकांनी बारा वर्षं खपून प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये जगापुढे आणला. हा एकदाचा दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होताना पाहायची सवय असलेल्यांसाठी ही शिक्षाच. त्याला लांब लांब फांद्यांसारखे हात असतात आणि त्याला एकट्याने जगता येत नाही, शेजारी हायड्रोजन खाणारा सोबती लागतो. म्हणजे ही गाठ पडली तेव्हा एकाने दुसऱ्याला घासासारखं गिळलं असेल असं नाही. शेजारी राहता राहता, हातांच्या वेढ्यात घेता घेता आत ओढलं गेलं असणंही शक्य आहे. घटना साधारण २०० कोटी वर्षांपूर्वीची. त्यातून जगलेला एकच वंश आज दिसतो. झाड, बुरशी, माणूस, मावा, सगळे त्याचेच.

या भाडेकरूने घराला काय दिलं, ते सकाळी पोहे-जिलबीच्या दुकानातल्या पिठात दिसतं. रात्रभर आंबलेल्या मैद्यात यीस्ट असतं. त्याच्याकडे मायटोकॉन्ड्रिया आहेत, पण दाट पिठात ऑक्सिजन कमी आणि साखर भरपूर, म्हणून ते त्यांना बसवून ठेवतं आणि जुन्या पद्धतीने आंबवतं. त्या पद्धतीत ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेची २ नाणी सुटतात. मायटोकॉन्ड्रिया कामाला लागल्या की तेवढ्याच ग्लुकोजमधून तीसच्या आसपास. मेंदू, धावणारे स्नायू आणि तासन्‌तास धडधडणारं हृदय दोन नाण्यांत चाललं नसतं.

संसर्गाने सुरुवात होऊन नातं जुळतं, हे प्रत्यक्ष घडताना एकदा दिसलं आहे. १९६६ मध्ये क्वांग जीऑन यांच्या प्रयोगशाळेतल्या अमिबांना साथ लागली. प्रत्येक अमिबात हजारो जिवाणू शिरले आणि बहुतेक अमिबा मेले. जीऑन यांनी उरलेले आजारी, रडतखडत वाढणारे अमिबा टाकून न देता सांभाळले. काही वर्षांत ते पूर्ववत झाले, जिवाणू मात्र आतच होते. मग त्यांनी अमिबांच्या केंद्रकांची अदलाबदल केली. संसर्ग झालेल्या अमिबाचं केंद्रक निरोगी अमिबात बसवलं, तर तो जगेना. त्यात ते जिवाणू सोडले की जगू लागला. ज्या जंतूने घर उद्ध्वस्त केलं होतं, त्याच्याविना घर चालेना. हे जिवाणू लेजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंच्या घराण्यातले निघाले.

जुनी ओळख अजून बुजलेली नाही

मायटोकॉन्ड्रियांचं मूळ जिवाणूचं असल्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. काही प्रतिजैविकं जिवाणूंच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर घाव घालतात, आणि मायटोकॉन्ड्रियांतलं तसलंच यंत्र कधीकधी त्या तडाख्यात सापडतं. लिनेझोलिड हे प्रतिजैविक लांबवर घेतलं की रक्तपेशी घटतात, नसांना आणि दृष्टीला इजा होऊ शकते, त्यामागे हेच आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या गटातल्या औषधांनी कानावर परिणाम होऊ शकतो, पण काही घराण्यांत थोड्या मात्रेनेही बहिरेपण येतं. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएत १५५५ क्रमांकाचं अक्षर बदललेलं असतं, आणि त्यामुळे ते यंत्र जिवाणूच्या यंत्रासारखं आणखी दिसू लागतं. हा बदल फक्त आईकडून येतो. आजीला, मावशीला किंवा मामाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

मोठा अपघात होऊन पेशी चिरडल्या की त्यांतल्या मायटोकॉन्ड्रिया फुटून रक्तात सांडतात. त्यांचा डीएनए आणि प्रथिनांचे तुकडे अजून जिवाणूच्याच धाटणीचे असतात. प्रतिकारयंत्रणेला वाटतं शरीरात जंतू घुसले, आणि ती तशीच भडकते. बाहेरून एकही जंतू न येता रक्तात जंतू पसरल्यासारखी अवस्था का होते, याचा एक भाग २०१० मध्ये असा उलगडला.

आणि भांडण? तेही संपलेलं नाही. मायटोकॉन्ड्रिया पुढच्या पिढीत जातात त्या आईच्या अंड्यातून. शुक्राणूतल्या मायटोकॉन्ड्रियांना नष्ट करण्याची खूण लावली जाते आणि अंड्यात त्या संपवल्या जातात. बहुतेक झाडांतही त्या मादीकडूनच पुढे जातात, त्यामुळे झाडातल्या मायटोकॉन्ड्रियांना परागाचा काडीचा उपयोग नाही. काही झाडांत त्यांच्यातलं एखादं जनुक परागच मारून टाकतं, म्हणजे सगळी ताकद बियांकडे वळते. केंद्रक गप्प बसत नाही. त्यात हे जनुक दाबणारी, पराग परत आणणारी जनुकं निपजतात.

बियाण्याच्या धंद्याने या घरच्या भांडणाचा फायदा करून घेतला. संकरित बी करायचं तर मादी ओळीने स्वतःचेच पराग वापरून चालत नाही, आणि ज्वारीच्या लाखो फुलांतले परागकोश हाताने काढणं अशक्य. पराग मारणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची ओळ मादी म्हणून लावली की काम आपोआप होतं. भारतातली पहिली संकरित ज्वारी, १९६४ ची सीएसएच-१, अशीच तयार झाली. धोकाही तिथेच आहे. अमेरिकेत १९७० पर्यंत बहुतेक मका एकाच प्रकारच्या मायटोकॉन्ड्रियांचा होता. पराग मारणारं त्यांतलं प्रथिन आणि करपा रोगाच्या बुरशीचं विष एकत्र आले की मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोकं पडत. त्या एका हंगामात देशातला सुमारे १५ टक्के मका गेला.

हिरव्या पानातला हरितलवक हा असाच एका निळ्या-हिरव्या जिवाणूचा वंशज. त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातलं एक वळण जास्त मजेचं आहे. हरितलवक घेतलेलं लाल शेवाळ पुढे दुसऱ्या एका पेशीने घरात घेतलं, आणि त्या वंशात मलेरियाचा परजीवी जन्मला. तो आता आपल्या रक्तपेशींत राहतो, सूर्यप्रकाशाशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण चार आवरणांत गुंडाळलेला हरितलवकाचा अवशेष अजून त्याच्यात आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मलेरियावर चालतं ते त्या अवशेषातल्या जिवाणू-यंत्रावर घाव बसल्यामुळे. म्हणूनच त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. औषध घेतलेली पिढी तगून जाते, मरते ती तिच्यानंतरची. एकट्या डॉक्सिसायक्लिनवर मलेरियाचा रुग्ण सोडत नाहीत, त्याचं कारण हेच.

विषाणूने दिलेली वार

विषाणूंना तर सहजीवन या शब्दाच्या आसपासही कोणी येऊ देत नाही. पण आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे, आणि प्रथिनं बनवणारा भाग त्याच्यापुढे दीड-दोन टक्के. हे विषाणू आपला मजकूर यजमानाच्या डीएनएत चिकटवतात. चिकटवणं अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत झालं की आडवी वाट उभी होते, आणि विषाणू घराण्याचा वारसा होऊन बसतो. ऑस्ट्रेलियातल्या कोआला प्राण्यांत हे आज घडतंय. काहींमध्ये त्यांचा रेट्रोव्हायरस जन्मतःच डीएनएत आहे, काहींना तो बाहेरून लागतो, आणि त्याने त्यांना रक्ताचे कर्करोगही होतात. संसार थाटण्याआधीचा गोंधळ असाच असतो.

माणसाच्या वारेचा सगळ्यात बाहेरचा, आईच्या रक्तात बुडालेला थर हा असंख्य पेशी एकमेकींत विरघळून झालेलं एकच सलग पापुद्र्यासारखं आवरण आहे. अन्न, प्राणवायू, सगळं त्यातूनच बाळाकडे जातं. पेशी एकमेकींत मिसळवणारं प्रथिन सिन्सिटिन. २००० साली कळलं, की ते एका रेट्रोव्हायरसच्या कवचाचं प्रथिन आहे. विषाणूला पेशीच्या आवरणात मिसळून आत शिरायला जे हत्यार लागायचं, त्यानेच इथे पेशींच्या भिंती पाडल्या. उंदरात तेच काम करणारं तिथलं प्रथिन काढून टाकलं तर गर्भ पोटातच मरतो. उंदीर, ससे, मांसाहारी प्राणी, रवंथ करणारे प्राणी, प्रत्येकाने हे प्रथिन वेगवेगळ्या विषाणूंकडून, वेगवेगळ्या वेळी उचललं आहे. एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं.

आज मुद्दाम लावलेले संसर्ग

ही यंत्रणा वापरायचे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांत अडचणीही आहेत. वोल्बाकिया हा जिवाणू कीटकांच्या अंड्यातून, फक्त मादीकडून पुढे जातो. त्याने चाल अशी केली आहे: संसर्ग असलेल्या नराची संसर्ग नसलेल्या मादीशी गाठ पडली तर तिची अंडी फुकट जातात, संसर्ग असलेल्या मादीची मात्र नराकडे काहीही असलं तरी जगतात. त्यामुळे काही पिढ्यांत सगळी वस्ती त्याची होते. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, निसर्गतः वोल्बाकिया बाळगत नाही. त्याच्यात तो घातला की डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकार्ता इथे असे डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही २०२२ मध्ये असे डास तयार केल्याचं जाहीर केलं. पण योग्यकार्त्याला वापरलेला वोल्बाकियाचा प्रकार उन्हाने ढेपाळतो. अळ्या वाढतात ते पाणी दिवसा ३७ अंशांपर्यंत तापलं, तर पुढच्या पिढीतून तो गळू लागतो. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवरच्या कूलरच्या टाकीत किंवा टायरमध्ये साठलेल्या पाण्याचा विचार करा. अशा ठिकाणी उष्णता सोसणारा दुसरा प्रकार लागेल. पुदुच्चेरीने दोन प्रकार केले आहेत, त्यांतला एक त्या जातकुळीतला आहे.

आणि शेवटी पुन्हा नायट्रोजन. २०२४ मध्ये समुद्रातल्या एका सूक्ष्म शेवाळात नायट्रोजन बांधणारा पेशीचाच अवयव असल्याचं दाखवण्यात आलं, त्याला नायट्रोप्लास्ट नाव दिलं गेलं. तोही पूर्वी स्वतंत्र जिवाणू होता. आत येऊन साधारण दहा कोटी वर्षं झाली, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या मानाने कालचाच. शेवाळाची पेशी विभागली की हाही बरोबर विभागतो, आणि त्याला लागणारी बरीच प्रथिनं शेवाळाकडून येतात. सोयाबीनच्या जिवाणूला जी उभी वाट कधी मिळाली नाही, ती याला मिळाली.

सोयाबीननंतर रब्बीला त्याच शेतात गहू येतो, आणि त्याला पोत्यांनी युरिया लागतो. गव्हाच्या पेशीत असा अवयव बसवता येईल का, हा विचार मग कोणाच्याही मनात येईल. अडचणी तीन आहेत. नायट्रोजन फोडणारं एन्झाइम ऑक्सिजनने मरतं, आणि पान दिवसभर ऑक्सिजनच तयार करतं. नायट्रोप्लास्टच्या पूर्वजाने पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारं आपलं यंत्रच टाकून दिलं होतं, गव्हाला ते परवडणारं नाही. एका रेणूमागे १६ नाण्यांचा खर्च दाण्याच्या वजनातून वजा होईल. आणि जिवाणूची जनुकं हरवून ती प्रथिनं घरमालकाकडून नेमक्या जागी पोचवायची टपालव्यवस्था शेवाळाने दहा कोटी वर्षांत बसवली, तशी गव्हात कोणालाही अजून बसवता आलेली नाही. तोवर खरिपात सोयाबीनच्या गाठी लाल निघतात की पांढऱ्या, हे खुरपं घेऊन बघत राहायचं.